बुद्ध्यांक चाचणी मुळात कशासाठी होती?

शाळेने सांगितले म्हणून मुलाची बुद्ध्यांक चाचणी करून घेतलेले बरेच पालक रिपोर्टमधला आकडा पाहतात आणि तिथेच अडकतात. "७८ म्हणजे काय हो डॉक्टर? तो आता शिकणारच नाही का?" हा आकडा आला कुठून हे तुम्हाला कळले, तर ही भीती बरीच ओसरेल असे मला वाटते.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सगळ्या थरांतली मुले वर्गात आली आणि काहींना नेहमीच्या पद्धतीने शिकवलेले झेपत नाही, हे ठळकपणे दिसू लागले. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने तिचे सदस्य होते. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे खरे, पण त्यांत कोणाला घालायचे हे ठरवणार कोण? शिक्षकांवर सोडावे, तर ते खोडकर पोराला तिकडे पाठवून मोकळे होण्याची भीती. आम्हा डॉक्टरांचीही कामगिरी फार बरी नव्हती. थोड्याच दिवसांच्या अंतराने एकाच मुलाला वेगवेगळी निदाने मिळत, अशी तक्रार बिने यांनी लिहून ठेवली आहे.

म्हणून १९०५ मध्ये त्यांनी डॉ. थिओडोर सिमाँ यांच्यासह ३० छोट्या कसोट्या तयार केल्या. पहिली अगदी सोपी होती: जळत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का? पुढे चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक ओळखणे, ऐकलेले तीन अंक परत म्हणणे, असे करत त्या अवघड होत जात. यात बुद्ध्यांक कुठेच नव्हता. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली. बिने तोवर वारले होते.

त्यांचा खरा जीव होता चाचणीनंतर काय करायचे यात. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि वाढत नाही, हे मत त्यांनी १९०९ च्या पुस्तकात ठामपणे खोडून काढले. विशेष वर्गांतल्या मुलांना धडे शिकवण्याआधी लक्ष देण्याचा सराव द्यावा, असे ते म्हणत. त्यातला एक खेळ म्हणजे इशारा होताच आहे तसे स्तब्ध राहायचे. आपल्याकडची मुले 'स्टॅच्यू' खेळतात, जवळपास तेच!

पुढे अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी हीच चाचणी नेऊन नेमका उलटा अर्थ लावला: कमी गुण म्हणजे आनुवंशिक, कायमचा दोष. पालकांच्या मनातली आजची धास्ती मला या उलट्या अर्थाचीच दूरची नातेवाईक वाटते.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. तुमच्या रिपोर्टवर 'बिने-कामत' लिहिलेले असेल, तर ती हीच. पुढच्या भेटीत तो आकडा बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारा: मुलाची नजर आणि ऐकणे तपासले आहे का, आणि कोणत्या कसोट्यांत तो अडला? शाळेतल्या विशेष शिक्षिकेला सुरुवात तिथूनच करायची असते.