शेवंती : वाढ, अभिवृद्धी आणि बहराचा काल

प्रथम संज्ञा निश्चित करू. वनस्पतीच्या देहाचे आकारमान व वस्तुमान कायमचे वाढणे म्हणजे वाढ. त्या देहाच्या घडणीत गुणात्मक बदल होणे, उदाहरणार्थ पाने देणारा शेंडा फूल देऊ लागणे, म्हणजे विकास. एका झाडापासून अनेक झाडे मिळवणे म्हणजे अभिवृद्धी. आणि या तिन्ही क्रियांना मानवी प्रयोजनानुसार वळण देणे म्हणजे लागवड. फुलझाडांच्या संगोपनातील बऱ्याच चुका वाढ आणि विकास यांना एकच समजल्यामुळे होतात. हा भेद शेवंतीत जितका स्पष्ट दिसतो तितका गुलाबात किंवा मोगऱ्यात दिसत नाही. म्हणून विवेचनासाठी शेवंती घेतली आहे.

शेवंती सूर्यफुलाच्या कुलातील. व्यवहारात जिला फूल म्हणतात तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा समूह, म्हणजे स्तबक होय. एकेरी शेवंतीचा धारदार पात्याने उभा छेद घेतला तर दोन प्रकारची पुष्पके दिसतात. कडेची ‘पाकळी’ बुडासकट उपटली की तिच्या तळाशी लहानसा किंजपुट आणि वर दुभंगलेला किंजल्क आढळतो. केसरदले मात्र नसतात. ही किरणपुष्पके केवळ स्त्रीलिंगी. मध्यभागीची बिंबपुष्पके नळीसारखी, पाच दंतांची व द्विलिंगी असतात. त्यांचे पाचही परागकोश जुळून किंजलाभोवती वेढा तयार झालेला असतो. दुहेरी वाणांत बहुसंख्य बिंबपुष्पकांची जागा किरणपुष्पकांनी घेतलेली असते. म्हणजे बाजारात जे फूल अधिक भरगच्च, त्यात पराग तितका कमी. शेवंतीच्या अभिवृद्धीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अभिवृद्धी दोन प्रकारची : बीजापासून होणारी आणि शाखीय. शेवंतीचे झाड सामान्यतः स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून प्रत्येक बीज संकराचेच असते. त्यातच लागवडीतील शेवंती षड्गुणित आहे. नऊ गुणसूत्रांचे सहा संच, असे साधारण ५४ गुणसूत्रांचे तिचे कोशिकेतील भांडवल असते, आणि वाणावाणांत ही संख्याही थोडी कमीजास्त भरते. इतक्या विविध घटकांची फेरमांडणी प्रत्येक बीजात निराळी होते. त्यामुळे बी पेरून नवा वाण शोधता येतो. जुना वाण टिकवता येत नाही. टिकवायचा तर देहाचाच तुकडा घ्यावा लागतो.

शाखीय अभिवृद्धीचे उपप्रकार तीन.

(१) काश्या. फुले संपल्यावर खोड जमिनीलगत छाटले की बुंध्याच्या जमिनीखालील भागातून नवे फुटवे वर येतात. ते मुळांसह वेगळे करून लावतात. महाराष्ट्रात ही रीत सर्वांत प्रचलित आहे, कारण तिला खर्च नाही व कौशल्यही फारसे लागत नाही.

(२) शेंड्याचे छाटकलम. जोमदार मातृवृक्षाच्या शेंड्याचा पाच ते सात सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याची खालची पाने काढतात व तो ओलसर वाळूत रोवतात. शेंड्यात व कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन खाली वाहत येते आणि कापाशी साचते. तेथील वाहक ऊतींलगतच्या कोशिका पुन्हा विभाजू लागतात व आगंतुक मुळे फुटतात. कापाला इंडोल ब्युटिरिक आम्ल लावल्याने हीच क्रिया वेग घेते. दोन ते तीन आठवड्यांत कलम लावणीयोग्य होते.

(३) ऊतिसंवर्धन. याचे प्रयोजन संख्यावाढीइतकेच शुद्धीकरणाचे आहे, आणि ते समजण्यासाठी शाखीय अभिवृद्धीचा अंगभूत दोष पाहावा लागतो. बहुतेक विषाणू बीजाच्या वाटेवर मागे राहतात. देहाच्या तुकड्याबरोबर मात्र ते पुढच्या पिढीत जातात. शेवंतीला खुजी करणारा विषाणूसदृश घटक, ज्याला व्हायरॉइड म्हणतात, तोही असाच पसरतो. शेंड्याच्या अगदी टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीत विषाणू सहसा पोहोचलेला नसतो. मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच संशोधकांनी १९५२ मध्ये शेवंतीच्याच कुलातील डेलियाच्या अशा ऊतीपासून विषाणुमुक्त झाड मिळवले. वर्षानुवर्षे एकाच वाफ्यातील काश्या निवड न करता लावणे ही पद्धत स्वस्त असली तरी सदोष आहे : तीत वाण टिकतो आणि रोगही टिकतो.

आता विकासाकडे वळू. एप्रिलमध्ये लावलेली शेवंती आणि जूनमध्ये लावलेली शेवंती यांच्या वयात दोन महिन्यांचे अंतर असते. वाण एकच असेल तर बहर मात्र जवळपास एकाच सुमारास येतो. यावरून बहराचा काल झाडाच्या वयावर ठरत नाही, हे सिद्ध होते. तो कशावर ठरतो, हे तीन टप्प्यांनी उलगडले. अमेरिकेत गार्नर व अॅलर्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू, सोयाबीन इत्यादींवरून दाखवले की दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते. हॅम्नर व बॉनर यांनी १९३८ मध्ये गोखरूसारख्या एका वनस्पतीवर प्रयोग करून निर्णायक घटक दिवस नसून अखंड रात्र आहे, हे दाखवले : लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश दिला की फुलणे थांबते. त्याच दशकात रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीच घेतली. झाडाच्या वरच्या भागाची पाने काढून तो लांब दिवसांत ठेवला आणि खालच्या पानांना तेवढे लहान दिवस दिले. तरी वरच्या भागाला फुले आली. म्हणजे रात्र मोजणारे इंद्रिय पान आहे, आणि शेंड्याकडे जाणारा निरोप पानातून निघतो. हा निरोप एका प्रथिनाच्या रूपाने वाहिला जातो, हे २००७ मध्ये अन्य वनस्पतींवरील कामातून स्पष्ट झाले.

निरोप पोहोचल्यावर शेंड्यात काय घडते, ते भिंगाखाली पाहता येते. पाने देणारा शेंडा लहानशा घुमटासारखा असतो. तो प्रथम रुंद व चपटा होतो. मग कडेने छदे उमटतात, आणि त्यानंतर पुष्पके कडेकडून मध्याकडे वर्तुळावर्तुळाने तयार होतात. या क्षणापासून त्या शेंड्याला पुन्हा सामान्य पान येत नाही.

समशीतोष्ण प्रदेशांतील ग्रंथ सांगतात की दिवस सुमारे साडेचौदा तासांहून लहान झाला की शेवंतीत कळी धरते, आणि ती पूर्ण विकसित होण्यास साडेतेरा तासांहून लहान दिवस लागतो. हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवसच सुमारे सव्वातेरा तासांचा, आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. त्या हिशेबाने येथे शेवंती बाराही महिने फुलायला हवी. ती तशी फुलत नाही. कारण मर्यादेचा आकडा जातीचा नसून वाणाचा असतो, आणि उष्ण तापमान कळीचा विकास लांबवते. म्हणून बाहेरून आणलेल्या वाणाचे वेळापत्रक येथे एका हंगामात तपासून घेतल्याशिवाय त्याची मोठी लागवड करू नये.

एवढे मान्य केले की लागवडीची कामे आपोआप क्रमाने लागतात. रात्र लांबण्यापूर्वी जितका देह उभा राहील तितकीच फुले. नंतर घातलेल्या खताने कळ्यांची संख्या फारशी वाढत नाही. एप्रिल-मेची लावणी यासाठीच. लावणी सरी-वरंब्यावर करतात. जमीन निचऱ्याची हवी, कारण पावसाळ्यात पाणी साचले की मूळकूज येते आणि पाने पिवळी पडून गळतात. पान हेच रात्र मोजणारे इंद्रिय असल्याने पावसाळ्यातील पानगळीचे नुकसान केवळ अन्ननिर्मितीपुरते राहत नाही. लावणीनंतर साधारण चार आठवड्यांनी शेंडा खुडतात. शेंड्याचे ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दबवून ठेवते. ते नाहीसे झाले की डोळे फुटतात आणि फुलधारी फांद्या वाढतात. हे काम उशिरा केले तर कळी धरलेला शेंडाच खुडला जातो आणि बहर लांबतो. मोठे एकच फूल हवे असेल तेथे क्रिया उलट : बाजूच्या कळ्या खुडून मधली राखतात.

हरितगृहात हीच तत्त्वे यंत्राने राबवतात. देह वाढवण्याच्या काळात मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. पानातील फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाशाला इतके संवेदनक्षम आहे की मंद उजेडही पुरतो. पुढे कळी हवी असते तेव्हा संध्याकाळी वाफ्यांवर काळे कापड ओढून रात्र लांबवतात. त्या दिवसापासून फूल उमलेपर्यंतचे आठवडे वाणागणिक ठरलेले असतात, साधारण सहापासून पंधरापर्यंत. मातृवृक्षांनाही हे दिवे आवश्यक असतात. अन्यथा छाटकलमाच्या शेंड्यातच कळी धरलेली असते आणि ते कलम वीतभर उंचीवरच फुलते.

राहिला मातृवृक्षाच्या निवडीचा प्रश्न. ती फुलांच्या ऐन भरात करावी, काश्या काढताना नव्हे. खोड छाटल्यावर खुजे झाड, ठिपक्यांनी पाने गळलेले झाड आणि निरोगी झाड यांच्या फुटव्यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. क्वचित एखाद्या फांदीवर निराळ्या रंगाचे फूल येते. हे कळीतील उत्परिवर्तन होय. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांनी असेच बदल घडवून शेवंतीचे अनेक वाण निर्माण केले आहेत. असा बदल बहुधा त्या फांदीपुरताच असतो. बुंध्यातून येणाऱ्या काश्यांत तो उतरत नाही. म्हणून त्या फांदीला त्याच दिवशी दोरा बांधून ठेवावा, आणि फुले उतरल्यावर तिच्याच डोळ्यांतून निघालेल्या फुटव्यांचे छाटकलम करावे.