प्रत, पाठ आणि नाद

शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरते तरी ठाऊक असते. लेखनिकांनी केलेल्या नकलांत पाठ बिघडत जातो आणि कोणीतरी थांबून मूळ काय असावे याचा शोध घ्यावा लागतो, या जाणिवेचा तो आपल्या वाङ्मयातील ठळक आरंभ होय. हाच प्रश्न आज संगीताच्या बाबतीत घराघरांतील संगणकापुढे उभा आहे, असे आम्हांस वाटते. संगणकावर उत्तम प्रतीचे संगीत ऐकण्याचा विषय निघाला की चर्चा ध्वनिवर्धकांच्या किमतीकडे वळते. वस्तुतः तो आधी पाठचिकित्सेचा विषय आहे आणि म्हणूनच साहित्याच्या अध्यापकांनी त्यात लक्ष घालावयास हवे. या प्रश्नाचे एक टोक जुन्या तबकड्यांपाशी, तर दुसरे डहाणू तालुक्यातील विवळवेढ्याच्या परिसरात आहे. प्रथम तबकड्यांचा विचार करू.

१९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून आपल्या संगीताला काळाची कात्री लागली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग त्या चिमटीत बसवावयाचा, म्हणजे आलापी जवळजवळ गाळावयाची आणि बंदिश व तानांची आतषबाजी तेवढी ठेवावयाची. काहींनी ही नवी संक्षेपकला साधली. अब्दुल करीम खाँच्या तबकड्या याची साक्ष देतात. भास्करबुवा बखले मात्र १९२२ साली गेले ते आपल्या गाण्याची एकही तबकडी मागे न ठेवता. त्यांच्या गायकीचा पाठ आज शिष्यांच्या गळ्यांतून आणि आठवणींतूनच काय तो सापडतो. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची सवड मिळाली. पुढे कॅसेट आली. तिने मैफली घरोघर नेल्या, परंतु कॅसेटवरून कॅसेट उतरवली की प्रत्येक नकलेत खरखर वाढत जाई. हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचित असणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने मात्र मूलभूत पालट घडवला. ध्वनीची लहर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवून आकड्यात नोंदवावयाचे, अशी ही पद्धती. डाव्या-उजव्या बाजू मिळून सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. ही छाननी माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेपर्यंत पुरेशी आहे, याला हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या सिद्धान्ताचा आधार आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नाद आता अक्षरांसारखा झाला. आकड्यांची नक्कल आकड्यांनी ताडून पाहता येते आणि शंभरावी प्रत पहिलीसारखीच आहे की नाही हे निश्चितपणे सांगता येते. एकनाथांच्या काळी कोणत्याही लेखनिकाला न लाभलेली ही सोय होती.

नेमक्या याच वेळी ही सोय वाया घालवण्याचे साधनही जन्मास आले. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी आकुंचन-पद्धती घडवली, तिला १९९५ साली 'एमपी-थ्री' हे नाव मिळाले. तिचे तत्त्व चतुर आहे. मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या जवळपासचा बारीक आवाज कानाला उमगत नाही, तेव्हा तो नोंदवलाच नाही तर बिघडले कोठे? सेकंदाला १,२८,००० बिट या एके काळच्या रूढ दराने मूळ नोंदीचा अकरावा हिस्सा तेवढा शिल्लक राहतो. २००० सालच्या सुमारास घरच्या संगणकात २० गिगाबाइटची तबकडी असणे हीच चैन होती. तिच्यावर अनाकुंचित संगीत तीस तासांच्या आसपास मावे आणि आकुंचित साडेतीनशे तासांच्या आसपास. टेलिफोनच्या तारेवरून गाणे उतरवून घेण्याचे ते दिवस होते. तेव्हा या निवडीला दोष देण्यात अर्थ नाही.

परंतु किंमत कोणती पडली हे समजून घ्यावयास हवे. एवढ्या आकुंचनात सर्वप्रथम बोथट होतात ते आघात. तबल्याच्या बोलाची धार मऊ पडते, भजनातील टाळांचा वरचा झंकार पुसट होतो आणि मैफलीतील टाळ्या वाळू ओतल्यासारख्या ऐकू येतात. दर वाढवला की हा दोष झपाट्याने कमी होतो. त्याच्या दुप्पट-अडीचपट दरावर सामान्य श्रोत्यालाच काय, जाणकारालाही भेद करणे अवघड जाते, हेही प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. तथापि आक्षेप ऐकण्यापुरता नाही, प्रतीविषयीचा आहे. गाळलेले परत येत नाही. आकुंचित प्रतीवरून पुन्हा आकुंचित प्रत केली की दोष साठत जातात, आणि मूळ प्रत टाकून दिलेली असेल तर पुढील पिढीच्या हाती फक्त पाठभ्रष्ट पोथी राहते.

संगणक हाही त्या काळी एक हस्तक्षेपी लेखनिक होता. १९८९ सालच्या 'साऊंड ब्लास्टर' पत्रिकेने घरच्या यंत्राला कंठ दिला खरा, परंतु तिचे गिऱ्हाईक मुख्यतः खेळ खेळणारे होते. १९९८ साली आलेली तिची 'लाइव्ह' ही आवृत्ती आपले अंतर्गत काम ४८,००० च्या मापाने करी. त्यामुळे कॉम्पॅक्ट डिस्कचे ४४,१०० चे माप तिला वाटेतच बदलून घ्यावे लागे. 'विंडोज एक्स्पी'मध्ये निरनिराळे आवाज एकत्र मिसळणारा एक मध्यस्थ होता, तोही प्रसंगी आकड्यांना हात लावी. श्रोत्याला याचा पत्ताही नसे. संहितेत आपल्या मनाने सुधारणा करणारा नकलनवीस आणि हा मध्यस्थ यांत तत्त्वतः फरक नाही.

येथून पुढचा इतिहास या मध्यस्थांना बाजूस सारण्याचा आहे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी तयार केलेला 'आसिओ' हा थेट मार्ग हौशी श्रोत्यांनीही उचलला. २००१ साली जॉश कोल्सन यांनी 'फ्लॅक' ही पद्धती सर्वांना मोफत खुली केली. तिच्यात फाइलचा आकार पुष्कळ वेळा निम्म्याच्या आसपास येतो, पण उलगडताना एकही आकडा गळालेला नसतो. २००७ साली 'व्हिस्टा'ने ध्वनीला अनन्य वाट देण्याची सोय यंत्रणेतच केली. आकड्यांचे स्वरात रूपांतर करणारा भाग, ज्याला 'डॅक' म्हणतात, तो संगणकाच्या पेटीतील विद्युत-गोंगाटापासून दूर, यूएसबीच्या तारेने जोडलेल्या छोट्या डबीत जाऊन बसला. आज एक साधा संगणक, अशी डबी आणि बऱ्यापैकी कर्णफोन एवढ्यावर घरी जे ऐकता येते, त्याच्या कितीतरी अंशी खर्च पूर्वी चांगल्या तबकडीयंत्रावर होत असे.

या सुधारणांचा खरा लाभ जुन्या ठेव्याला झाला. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने, सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने, 'यंग इंडिया' या मुंबईच्या देशी कंपनीच्या तबकड्यांचे अंकीकरण ब्रिटिश लायब्ररीच्या लुप्तप्राय दप्तरांविषयीच्या योजनेतून केले. बड्या कंपनीच्या यादीत ज्यांना जागा नव्हती, असे कितीतरी आवाज या छापाखाली निघाले होते. तबकडीची खरखर 'स्वच्छ' करण्याचा मोह अशा वेळी सर्वांनाच होतो. खरखरीबरोबर गायकाचा श्वासही पुसला जातो. म्हणून आधी अस्पर्श प्रत जपून ठेवावी आणि शुद्धीकरण तिच्या नकलेवर करावे. मूळ वाचन आणि संपादकाची दुरुस्ती वेगवेगळी दाखवावी, हा संहितासंपादनाचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

तबकडीवर निदान मूळ प्रत होती. जेथे मूळ प्रतच अजून व्हावयाची आहे, तेथे काय? विवळवेढे हे नाव महालक्ष्मीच्या देवळामुळे आणि चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेमुळे सर्वदूर परिचित आहे. भोवतालचा मुलूख वारल्यांचा, आणि वारल्यांचे वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडांना मेण. एका फुंकेवर दोन्ही नळ्या एकदम बोलतात. वादक नाकाने श्वास घेत फुंक अखंड ठेवतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. भाताच्या पिकाच्या दिवसांशी नाते असलेल्या या वाद्याभोवती माणसे हातांत हात गुंफून फेर धरतात. तो फेर याच तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून जगभर पोहोचला. १९१८ सालच्या ग्रामोफोन-यादीत शोधावे तसे आज कलादालनांच्या सूचींत वारली चित्र सहज सापडते. तारप्याच्या नादाला तेवढी वाट मिळालेली नाही. चित्रातला तारपा साऱ्यांनी पाहिला, वाजणारा फार थोड्यांनी ऐकला.

आज तो बहुधा मोबाइलमध्ये मुद्रित होतो. फोनची यंत्रणा मानवी बोलणे स्पष्ट यावे म्हणून आवाजाची चढ-उतार आपोआप सपाट करते आणि अखंड गुंजन हा गोंगाट समजून दाबू पाहते. मग ती चित्रफीत संदेशातून पाठवताना आकुंचन पावते, कोणी ती कापून पुन्हा चढवतो, ती पुन्हा आकुंचते. शेवटी हाती येणाऱ्या प्रतीत तारपा असतो, पण त्याचे अखंडत्व, म्हणजे त्याचा प्राण, अंधुक झालेला असतो. घरी कितीही शुद्ध यंत्रणा लावली तरी ती या प्रतीतील उणीव भरून काढणार नाही. उलट ती अधिक स्पष्टपणे दाखवील.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी पाड्यांवर जाणारे विद्यार्थी आमच्या वर्गांत दरवर्षी असतात. गीतांचे शब्द ते काळजीने उतरवून आणतात, नादाची नोंद मात्र पुराव्याच्या छायाचित्राइतकीच आनुषंगिक मानली जाते. यात पालट व्हावयास हवा. आपोआप होणारे सपाटीकरण बंद करता येईल असा साधा ध्वनिमुद्रक, अनाकुंचित नोंद, सोबत वादकाचे नाव त्याच्या संमतीने, पाडा, तारीख आणि प्रसंग. एक प्रत महाविद्यालयात, दुसरी अन्यत्र आणि तिसरी वादकाच्या घरी, कारण तो नाद मुळात त्याचा आहे. एका तासाच्या अशा नोंदीला गिगाबाइटभर जागा लागेल आणि आज तेवढी जागा अगदी साध्या फोनमध्येही सापडते. जागेची सबब संपली आहे. पुढे कोणी ही नोंद आपल्या घरच्या संगणकावर लावील, तेव्हा फुंक कोठेही तुटलेली नसावी, एवढी जबाबदारी आजच्या नोंद करणाऱ्याची आहे.