स्प्रिंटचा एक दिवस आणि 'हौशी' या शब्दाचा इतिहास

धुळ्याची आणि जळगावची मंडळी समोर बसलेली आहेत, आणि बरेच जण घरबसल्या ऐकत आहेत. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'सायकलची शर्यत' असं सांगितलं आणि फोनवर पलीकडे थोडी शांतता पसरली. तत्त्वज्ञानाच्या माणसानं अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरावर बोलावं, अशी अपेक्षा असणार. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. आज एकच प्रश्न घेऊन आलो आहोत. हौशी खेळाडू म्हणजे कोण, आणि हे ठरवलं कोणी?

आधी खेळ समजून घेऊ. सायकलच्या ट्रॅकला वळणावर तिरका चढ असतो, खोलगट परातीच्या कडेसारखा. त्यावर चालवायच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्री-व्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. स्प्रिंटमध्ये सकाळी प्रत्येकानं एकट्यानं वेग घेऊन शेवटचे 200 मीटर मारायचे, त्याची वेळ घेतात. आज जगातले उत्तम पुरुष हे अंतर नऊ-साडेनऊ सेकंदांत कापतात, म्हणजे ताशी 75 ते 80 किलोमीटर. या वेळांवरून जोड्या लागतात. पहिल्याची गाठ शेवटच्याशी, दुसऱ्याची त्याच्या आधीच्याशी. मग दोघंच ट्रॅकवर उतरतात, आणि इथे घड्याळाला महत्त्व उरत नाही. आधी कोण पोचला एवढंच बघायचं.

आता गंमत बघा. पुढे असलेला वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशानं येतो आणि शेवटी ताज्या पायांनी बाहेरून निघून जातो. म्हणून पुढे जायला कोणीच तयार नसतो. दोघं चालण्याच्या वेगानं जातात, मान वळवून एकमेकांकडे बघतात, आणि कधी कधी पाय न टेकता जागच्या जागी उभे राहतात. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये इटलीचा पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा त्रांतां असे जवळजवळ 22 मिनिटं उभे होते. आता नियमानं हे काही सेकंदांवर आणलं आहे. झेनो नावाचा ग्रीक म्हणायचा की सुटलेला बाण दर क्षणी स्थिरच असतो. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया द्यायची. स्प्रिंट दाखवायची सोय असती तर दिली नसती.

आता 'हौशी'. इंग्लंडात 1879 साली हेन्ली इथल्या नौकाशर्यतींच्या चालकांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी खेळणारा हौशी नाही, हे त्यात होतंच. पण पुढे असंही होतं की जो मजुरीवर यांत्रिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करतो, तोही हौशी नाही. म्हणजे बक्षिसाचा एक पैसा न घेताही, केवळ हातानं काम करून पोट भरता म्हणून तुम्ही बाद. ही अट 1937 पर्यंत टिकली. कारण असं देत की अंगमेहनतीनं शरीर कमावलेल्याशी गृहस्थांची बरोबरी कशी व्हायची! अहो, जातिव्यवस्था आपल्याकडेच आहे असं कोण म्हणतं?

सायकलनं हे कुंपण थोडं वाकवलं, कारण सायकल लवकरच कामकऱ्यांच्या हातात आली. जागतिक अजिंक्यपद 1893 साली शिकागोत सुरू झालं तेव्हा ते फक्त हौशींसाठी होतं. 1895 पासून व्यावसायिकांचं वेगळं झालं, आणि जवळपास शंभर वर्षं ही दोन दारं वेगळी राहिली. कुंपणाचे दुसरे प्रकारही होते. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेनं 1894 साली कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केलं. त्याच देशाचा कृष्णवर्णीय मेजर टेलर 1899 साली माँट्रियलला एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला. 1932 साली शिकागोत तो वारला, तेव्हा त्याला बेवारसासारखं पुरलं गेलं.

आपला देश ऑलिम्पिकच्या सायकलिंगमध्ये पहिल्यांदा उतरला 1948 साली, लंडनच्या हर्न हिल ट्रॅकवर. हवेवाला, अमीन, नोबल, मुल्ला फिरोज ही त्या संघातली नावंच सांगतात की तेव्हा आपलं ट्रॅक सायकलिंग बरंचसं मुंबईच्या पारशी तरुणांच्या बळावर उभं होतं. त्यांच्या हौसेला आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण तिच्यामागे शहर होतं आणि सवड होती, हेही नोंदवायला हवं.

आणि त्याच काळात खानदेशात? इथे सायकल होती ती दुधाच्या कॅनची, टपालाची, शेतावर डबा पोचवणारी. आमच्या पिढीनं तासाच्या भाड्यावर सायकल घेतली आणि नळीखालून पाय घालून ती चालवली. नगरपालिकेचा बिल्ला नसला की हवालदार अडवायचा. खेळ नव्हता असं मात्र नाही. शाळेच्या गॅदरिंगला 'स्लो सायकल' असायची. सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. आणि गावच्या मैदानात कोणीतरी यायचा, जो सात-सात दिवस सायकलवरून उतरायचा नाही. तिच्यावरच जेवायचा, आंघोळ करायचा, आणि लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. हेन्लीच्या व्याख्येत तो दोनदा बाद. पण पाय न टेकता तोल सांभाळायची विद्या टोकियोच्या कितीतरी आधी आपल्या मैदानांत होती.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पारोळ्याकडचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, सकाळ-संध्याकाळ हा तिथे पंक्चर काढायचा. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडीचं क्रीडासंकुल झालं होतं, तिथल्या ट्रॅकवर त्याला एका दिवसाच्या स्पर्धेत उतरायचं होतं. सोबत मोठं माणूस हवं म्हणून आम्ही गेलो. रात्रभर एसटी. पिशवीत कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दुकानातला एक पाना.

ट्रॅकची सायकल त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलानं आपली दिली, यानं पान्यानं सीट खाली घेतली. सकाळी 200 मीटरला तेरा सेकंदांच्या वर लागले. पात्र ठरला, पण शेवटून पहिला. म्हणजे गाठ थेट अव्वल मुलाशी. मग दुपारपर्यंत वाट बघायची. सिमेंट तापलेलं, सावली जेमतेम.

शर्यतीत चिठ्ठीनं याला पुढचा मान मिळाला. दुसऱ्या फेरीत मागचा मुलगा चढावर थांबला. आम्हाला वाटलं आता हा गोंधळणार. पण हाही थांबला! स्लो सायकलवाला गडी, हँडल जरा वळवून खांबासारखा उभा. गॅलरीतले लोक बोलायचे थांबले. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग यानंच धीर सोडला आणि फेरीभर आधीच निघाला. मागच्यानं त्याच्या आडोशानं येऊन शेवटच्या पन्नास मीटरमध्ये त्याला मागे टाकलं. हरलेल्यांना आणखी एक संधी असते, तीही त्यानं अर्ध्या चाकानं घालवली. दहा तासांच्या दिवसात जीव तोडून पॅडल मारली ती मिनिटभर.

परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, "सर, माले घाई व्हई गयी."

आम्ही अनेक वर्षं हे वाक्य मनात घोळवलं. सुरुवातीला वाटलं की हा स्वभावाचा दोष. मग लक्षात आलं, थांबायचं कसं हे त्याला उत्तम येत होतं. थांबून मग कधी सुटायचं, हे ट्रॅकवर शेकडो वेळा हरून कळतं, आणि ट्रॅक त्याच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर होता. त्या प्रवासात दुकानाची दोन दिवसांची कमाई जायची. तो पुन्हा गेला नाही. हेन्लीचा नियम पुस्तकातून 1937 साली गेला, आणि 1996 पासून ऑलिम्पिकचं सायकलिंग व्यावसायिकांनाही खुलं झालं. पण सरावाला जागा नाही आणि बुडालेल्या रोजाची भरपाई नाही, तोवर मजुराला बाहेर ठेवायला वेगळा नियम लागत नाही.

चित्र बदलू शकतं, हेही सांगितलं पाहिजे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर उतरलेली मयूरी लुटे भंडाऱ्याची. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवणारा रोनाल्डो सिंग मणिपूरचा. महानगराबाहेरची ही मुलं तिथवर पोचली, कारण त्यांना ट्रॅकवर रोज हरायला मिळालं.

आमच्या त्या विद्यार्थ्याचं दुकान अजून आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा संध्याकाळी दुकानासमोर चार पोरं स्लो सायकल खेळत होती आणि हा पान्यानं काम करता करता ओरडत होता, 'थांब, अजून थांब.' इथल्या दोन जिल्ह्यांत मिळून एक ट्रॅक व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्याख्यानानंतर थोडं थांबावं. त्याबद्दल बोलू.