भूतग्राही चुंग ख्वेइ : एका चिनी लोकदैवताचा उगम

चीनमध्ये वर्षअखेरीस दारावर एका उग्र पुरुषाचे चित्र लावण्याची प्रथा अनेक शतके चालत आली. पिंजारलेली दाढी, वटारलेले डोळे, अंगावर राजकर्मचाऱ्याचा झगा, हाती तलवार आणि पायाशी एखादे भयभीत भूत, असे त्याचे रूप. पुढे पाचव्या महिन्यातील पंचमीच्या सणालाही हे चित्र लावले जाऊ लागले. या दैवताचे नाव चुंग ख्वेइ. जपानमध्ये त्याला शोकी म्हणतात. भुते आहेत की नाहीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. भुते पकडणारा देव माणसांनी केव्हा, कशातून आणि कशासाठी घडविला, हा इतिहासाचा प्रश्न आहे व त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

या दैवताची प्रसिद्ध कथा सोंग काळातील विद्वान शन ख्वो (१०३१–१०९५) याने नोंदवून ठेवली आहे. तांग सम्राट श्वानत्सुंग (राज्यकाल ७१२–७५६) तापाने आजारी पडला. स्वप्नात एका लहान भुताने त्याची प्रिया यांग क्वेइफेइ हिची सुगंधी पिशवी व सम्राटाची बासरी चोरली. तेवढ्यात एका धिप्पाड भुताने त्या चोराला पकडले, त्याचा डोळा उपटला व त्याला खाऊन टाकले. सम्राटाने नाव विचारता तो म्हणाला की, मी चुंग ख्वेइ, लष्करी परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार. साम्राज्यातील दुष्ट भुतांचा नाश करण्याची मी प्रतिज्ञा केली आहे. सम्राट जागा झाला तो बरा होऊनच. त्याने वू ताओत्स या चित्रकाराकडून स्वप्नातील आकृती काढून घेतली. इतर पाठांत अशी भर आहे की, हा उमेदवार सम्राट काओत्सूच्या वूद कालखंडात (६१८–६२६) होऊन गेला आणि अपयशाच्या दुःखाने राजप्रासादाच्या पायऱ्यांवर डोके आपटून त्याने प्राण दिला.

कथा चित्तवेधक आहे. परंतु कालगणनेच्या कसोटीवर ती टिकत नाही. चीनमध्ये लष्करी परीक्षा सुरू झाली ती सम्राज्ञी वू हिच्या काळात, इ.स. ७०२ मध्ये. त्यापूर्वी पाऊणशे वर्षे त्या परीक्षेत कोणी अनुत्तीर्ण होणे शक्य नाही. यांग क्वेइफेइ ही श्वानत्सुंगच्या जीवनात आली ती ७४० च्या सुमारास. परंतु ७३० च्या सुमारास निधन पावलेला मंत्री चांग युए याने, सम्राटाकडून चुंग ख्वेइचे चित्र व नववर्षाचे पंचांग भेट मिळाल्याबद्दल लिहिलेले आभारपत्र उपलब्ध आहे. म्हणजे कथेत सांगितलेले स्वप्न पडण्यापूर्वीच ही चित्रे दरबारात वाटली जात होती. याहून महत्त्वाचा पुरावा तुनहुआंगच्या बौद्ध गुंफांतील बंद दालनात सापडला. १९०० मध्ये उघडकीस आलेल्या त्या ग्रंथसंग्रहात एका ताओपंथी मंत्रग्रंथाची प्रत आहे. तिच्यावर इ.स. ६६४ चा लेखनकाल नोंदलेला असून तीत रोगकारक भुतांना ठार मारणारा म्हणून चुंग ख्वेइचा उल्लेख येतो. श्वानत्सुंगचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

मग हे नाव आले कोठून? विशेष हे की, राजस्वप्नाची कथा नोंदविणाऱ्या शन ख्वोनेच तिच्याविषयी शंका घेतली. पाचव्या शतकातील एका सेनापतीच्या बहिणीचे नाव चुंग ख्वेइ होते, हे त्याला थडग्यात मिळालेल्या शिलालेखावरून कळले होते. उत्तर वेइ राजवटीतील याओ श्वान या अधिकाऱ्याचे मूळ नाव चुंग ख्वेइ व उपनाम 'पी-शिए', म्हणजे 'अनिष्ट दूर सारणारा', असे होते. अपत्याला पीडा होऊ नये म्हणून संरक्षक नाव ठेवण्याची ही रीत दिसते.

सतराव्या शतकातील चिकित्सक पंडित कू येनवू (१६१३–१६८२) याने आणखी मागे जाऊन शोध घेतला. 'चौ-ली' या प्राचीन ग्रंथाच्या कारागिरीविषयक भागात 'चुंग-ख्वेइ' असा शब्द आहे. त्याची लिपिचिन्हे निराळी असली तरी उच्चार जवळचा आहे. छी प्रदेशातील लोक मोगरीला या नावाने ओळखत, असे जुने टीकाकार सांगतात. प्राचीन चीनमध्ये वर्षअखेरीस 'नुओ' नावाचा भूतनिवारणाचा विधी होत असे. अशा विधीत भुतांना हाकलण्यासाठी मोगरी वापरली जात असावी आणि पुढे त्या साधनालाच मनुष्यरूप प्राप्त झाले असावे, असे या मताचे सार आहे. ते सर्वांना मान्य झालेले नाही. तथापि देवाचे नाव राजाच्या स्वप्नाहून जुने आहे, एवढे निश्चित.

तर मग राजस्वप्नाची कथा का रचली गेली? लोकांच्या दारावरील देव तिच्यामुळे दरबाराचा सेवक ठरला. इ.स. १०७२ मध्ये सम्राट शनत्सुंगने वू ताओत्सच्या चित्राचे ठसे काढवून वर्षअखेरीस आपल्या अधिकाऱ्यांना वाटले. उत्तरकालीन कथांत तर चुंग ख्वेइ परीक्षेत यशस्वी होतो, पण चेहरा कुरूप म्हणून त्याला नाकारले जाते. सतराव्या शतकातील एका कादंबरीत त्याला नाकारण्यास मंत्री कारणीभूत होतो आणि चुंग ख्वेइ ज्यांचा संहार करतो ती भुते म्हणजे माणसांतील दुर्गुणच आहेत. गुणवत्ता असूनही दार बंद झालेल्या माणसाची वेदना लोकांनी या देवात ओतली. राजकथेने त्याच वेदनेला मरणोत्तर पद बहाल केले. पण ज्या व्यवस्थेने त्याला नाकारले, तिला जाब विचारला नाही.

बौद्ध कलेशीही या दैवताचा संबंध आला. जपानमधील नारा राष्ट्रीय संग्रहालयात बाराव्या शतकातील अनिष्टनिवारक देवतांची चित्रे आहेत. त्यांत शोकी भुताचा डोळा उपटताना दिसतो. त्याच मालिकेत बिशामोन, म्हणजे पालि साहित्यातील वेस्सवण, हाही आहे. दीघनिकायातील आटानाटिय सुत्तात हाच वेस्सवण अरण्यवासी भिक्खूंच्या रक्षणासाठी परित्त अर्पण करतो. बुद्धांनी सांगितलेले शील अनेक यक्खांना रुचत नाही, हे तो तेथे स्पष्टपणे मान्य करतो. न जुमानणाऱ्या यक्खांना शिक्षेची भीती या सुत्तातही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पालि परंपरेचा मुख्य प्रवाह निराळा आहे. आळवक यक्खाला भगवंतांनी प्रश्नोत्तरांतून वळविले. अट्ठकथेनुसार, वृक्षदेवतांनी भयभीत केलेल्या भिक्खूंच्या हाती त्यांनी शस्त्र दिले नाही. त्यांना मेत्ताभावना शिकवून त्याच वनात परत पाठविले.

मोगरी, संरक्षक नाव, मंत्र, दारावरील चित्र आणि अखेर राजाचे स्वप्न, असा चुंग ख्वेइचा प्रवास दिसतो. सर्वांत शेवटी रचलेली कथाच सर्वांत आधीची म्हणून सांगितली गेली. दैवतांच्या उगमकथा वाचताना त्यांतील सन, नाव आणि लाभार्थी तपासून पाहण्याची सवय अभ्यासकाने ठेवली पाहिजे. नऊशे वर्षांपूर्वी शन ख्वोने स्वतःच्या नोंदीवरच ती कसोटी लावली, हे त्याचे मोठेपण होय.