तेल, माती आणि आसन : पुणे जिल्ह्यातील अंगोपचारांची वाटचाल

तेल, पाणी, माती, शेक किंवा आसन यांनी अंगाचे जुने दुखणे हलके करणे आणि त्याबरोबर मनालाही उभारी देणे ही पुणे जिल्ह्यातली जुनी रीत आहे. तिचे सर्वांत ठळक रूप संत तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर दिसते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली ही पालखी बारामती, इंदापूर करत बावड्यावरून सराटीला येते आणि तिथे पादुकांना नीरास्नान घडल्यावर सोलापूर जिल्ह्यात शिरते. बावडा येईपर्यंत वारकऱ्यांची जवळपास दोन आठवड्यांची चाल झालेली असते. पोटऱ्यांत गोळे येतात, टाचा भेगाळतात, तळव्यांना फोड येतात. वाटेवरच्या गावांत लोक त्यांचे पाय चोळून देतात. तळहातावर तेल घ्यायचे, टाचेपासून पोटरीकडे अंगठे दाबत न्यायचे आणि गोळा लागेल तिथे थांबून हलक्या हाताने रगडायचे. चोळणारा समोरच्याला ‘माउली’ म्हणतो आणि शेवटी त्याच पायांवर डोके टेकवतो. दुखऱ्या पायाला इथे तेलाइतकाच मानही मिळतो.

घरात हीच विद्या बाळंतिणीच्या खोलीत नांदत होती. मालीश करणारी बाई तेलाने अंग रगडायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची आणि बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी द्यायची. सव्वा महिना हा क्रम चाले. कंबर रगडता रगडता चार गोष्टी निघत आणि बाळंतिणीचे मनही मोकळे होई. पुरुषांची मालीश तालमीत होई. लचकलेले, निखळलेले सांधे बसवायला हाडवैद्य असे.

आखाड्यातल्या या परंपरेला विसाव्या शतकात प्रयोगशाळेची जोड मिळाली. बडोद्याचे व्यायामगुरू राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली घडलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी ते स्वतः आजारांनी खंगलेले होते. दोर, लोड, खुर्ची यांचा आधार देऊन दुखऱ्या माणसालाही आसनात विनासायास थांबता येईल, अशी पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांची पुण्यातील संस्था १९७५ मध्ये उभी राहिली.

पालखीच्याच वाटेवर उरुळीकांचन आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात राहिल्यावर महात्मा गांधींना जाणवले की गरिबांचे उपचार शहरात व्हायचे नाहीत, त्यासाठी खेड्यातच गेले पाहिजे. मार्च १९४६ मध्ये ते उरुळीला आले आणि स्वतः रुग्ण तपासू लागले. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, ऊन, साधा आहार आणि रामनाम असे ते उपचार होते. रामनाम त्यांनी औषधांच्या यादीतच धरले होते. देह आणि मन यांचे उपचार वेगळे करणे त्यांना मान्य नव्हते. गांधी पुढे निघून गेले, पण त्यांचे सहकारी मणिभाई देसाई तिथेच राहिले. त्यांनी तिथला निसर्गोपचार आश्रम वाढवला आणि तो आजही सुरू आहे. मेहतांच्या पुण्यातील वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेचे काम चालते.

स्पर्शाने दुखणे का उतरते, याचा एक उलगडा मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला. चोळण्या-दाबण्याच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचल्या की वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडते. ठेच लागल्यावर हात आपोआप त्या जागी जातो, तो याचमुळे. त्वचेतील काही मज्जातंतू सावकाश, हळुवार स्पर्शालाच प्रतिसाद देतात आणि त्यांचे संदेश मेंदूच्या भावनांशी निगडित भागात जातात. वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही वेदनेला संवेदना आणि भावना यांचा एकत्रित अनुभव मानते. जुनाट दुखण्यात भीती, झोपमोड आणि खिन्नता वेदना वाढवतात आणि वेदना पुन्हा त्यांना खतपाणी घालते. शरीर सैल पडले की हे चक्र मंदावते. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनी कंबरदुखी असलेल्या ९० जणांचा अभ्यास झाला. त्यांतील ज्यांनी २४ आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग केला, त्यांची वेदना आणि खिन्नता दोन्ही इतरांपेक्षा अधिक कमी झाली. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी व्यायाम, योग यांसारखे उपाय सुचवले.

या उपचारांना मर्यादाही आहेत. हाड मोडले असेल तर चोळल्याने इजा वाढते. कंबरदुखीबरोबर पायातले बळ जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा ताप येणे ही तातडीने डॉक्टर गाठण्याची लक्षणे आहेत. जगणे नकोसे करणाऱ्या निराशेवर मानसोपचारच हवेत. मालीश आणि आसने त्यांना साथ देतात, त्यांची जागा घेत नाहीत.