एक प्रभु, दोन स्वभाव

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या अंकांत मंदिराची बांधणी, पूर्वींचे धर्मगुरु, शाळा इत्यादि विषयांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्हीं निराळा विषय घेतला आहे. दर रविवारीं पवित्र मिस्सेंत आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतों, आणि देवपुत्र मनुष्य झाला या शब्दांपाशीं आलों म्हणजे मस्तक लववितों. लहानपणीं आईनें डोक्यावर हात ठेवून लववावयास शिकविलें म्हणून लववितों. कां, असें कोणी पुसलें तर बहुधा उत्तर सुचत नाहीं. त्या शब्दांच्या अर्थाकरितां लोक बंदींत पडले, देशोधडीस लागले, प्राणांस मुकले. आणि त्यावरून ख्रिस्ती जगाची जी फाटाफूट झाली तिचा एक पदर आपल्या ठाण्याच्या खाडीपर्यंत येऊन पोंचला होता. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

इ. स. ३२५ सालीं निसिया येथें भरलेल्या पहिल्या महासभेनें आरियसचें मत त्याज्य ठरविलें, व पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे, निर्माण केलेला नव्हे, असा निर्णय दिला. या गोष्टीस २०२५ सालीं १७०० वर्षें पुरीं झालीं. परंतु एक गांठ सुटावी तों दुसरी पडावी तसें झालें. पुत्र जर खरोखर देव आहे, तर बेथलेहेमच्या गोठ्यांत जो रडला, याकोबाच्या विहिरीपाशीं जो थकून बसला व क्रूसावर ज्याचा प्राण गेला, तो कोण? देवाला तहान लागते काय? देव मरतो काय? नाहीं म्हणावें, तर क्रूसावर मेला तो केवळ एक मनुष्य ठरतो, आणि एका मनुष्याच्या मरणानें जगाचें तारण होत नाहीं. होय म्हणावें, तर अविनाशी परमेश्वराला विनाश चिकटतो.

लाओदिकेयाचा बिशप अपोलिनारियस यानें यावर तोडगा काढला. ख्रिस्ताचें शरीर आमच्यासारखें होतें, परंतु बुद्धियुक्त आत्म्याच्या जागीं देवाचा शब्दच होता, असें तो म्हणे. ऐकावयास हें सोपें वाटतें. खरें सांगावयाचें तर आपल्यांतील पुष्कळ भाविक नकळत असेंच मानीत असतात: वरून मनुष्याचा देह, आंत देव. परंतु मग गेथशेमानीच्या बागेंत जो कासावीस झाला, त्याचें तें दुःख लटकेंच म्हणावयाचें. नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनीं या मताच्या वर्मावर बोट ठेविलें. आमच्या ठायींचा जो भाग प्रभूनें धारण केला नसेल त्याला त्याचें औषधहि लागलें नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मनुष्य पाप करतो तें मनानें व इच्छेनेंच. मग रोग जेथें, तेथेंच वैद्य गेला नाहीं असें कसें म्हणावें? कॉन्स्टँटिनोपलच्या ३८१ सालच्या महासभेनें अपोलिनारियसचें मत त्याज्य ठरविलें.

येथून पुढें वाद दोन शहरांचा झाला. अंत्युखियाच्या पंडितांचा कटाक्ष असा कीं, ख्रिस्ताचें देवत्व व मनुष्यत्व यांची सरमिसळ होऊं नये. आलेक्झांड्रियाच्या पंडितांचा कटाक्ष असा कीं, ख्रिस्ताचे दोन तुकडे होऊं नयेत. दोघांचीहि काळजी रास्त होती, आणि दोघांनाहि दुसऱ्याची काळजी समजून घेण्यास सवड नव्हती.

४२८ सालीं अंत्युखियाकडील नेस्टोरियस नांवाचा तपस्वी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. तेथील लोक पवित्र मरियेला ‘देवमाता’ म्हणत. नेस्टोरियसला हा शब्द खटकला. मरियेपासून देवत्वाचा उगम झाला असें अडाणी लोक समजतील, तरी ‘ख्रिस्तमाता’ म्हणावें, असें त्याचें म्हणणें. लोक खवळले. आलेक्झांड्रियाचे बिशप संत सिरील यांनीं लेखणी उचलली. त्यांचा एक दाखला आमच्या आयाबहिणींस सहज पटेल. मुलाचा आत्मा देव देतो, आई केवळ देह देते. तरी तिला कोणी देहाची आई म्हणत नाहीं, मुलाचीच आई म्हणतात. तसेंच मरियेनें ज्याला जन्म दिला तो कोणी एक मनुष्य असून त्याच्यांत मागाहून देव राहावयास आला असें नव्हे. तो देवपुत्रच होता. म्हणून ती देवमाता. या शब्दांत मरियेच्या गौरवाइतकाच तिच्या पुत्राचा निर्णय आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

४३१ सालीं इफिस येथें महासभा बोलावण्यांत आली. अंत्युखियाचे बिशप जॉन व त्यांची मंडळी वाटेंतच होती. ठरलेल्या दिवसास पंधरवडा लोटला तेव्हां सिरील यांनीं, सम्राटाच्या अधिकाऱ्याचा विरोध असतांहि, २२ जून रोजीं मरियेच्या नांवाच्या मंदिरांत सभा उघडली आणि त्याच दिवशीं नेस्टोरियसला पदच्युत केलें. रात्रीं नगरवासी लोकांनीं मशाली पेटवून बिशपांना मुक्कामीं पोंचविलें. चार दिवसांनीं जॉन येऊन पोंचले. त्यांनीं निराळी सभा भरवून सिरील यांनाच पदच्युत केलें! सम्राट थिओडोसियस यानें दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना अटकेंत ठेविलें. सिरील यांचा सिद्धांत खरा होता. तरी आणखी चार दिवस धीर धरला असता तर पुढील पुष्कळ कटुता टळती, असें आम्हांस वाटल्यावांचून राहात नाहीं. ४३३ सालीं जॉन व सिरील यांचा समेट झाला, व ‘देवमाता’ हा शब्द उभयतांनीं मान्य केला. नेस्टोरियस मात्र मिसर देशाच्या वाळवंटांत हद्दपारींत मेला.

आतां लंबक दुसऱ्या बाजूस गेला. कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाचा वृद्ध अधिपति युटिकेस म्हणूं लागला कीं, संयोगापूर्वीं दोन स्वभाव होते, परंतु संयोगानंतर एकच. अशानें ख्रिस्ताचें मनुष्यत्व समुद्रांत पडलेल्या मधाच्या थेंबासारखें होतें, अशी या मताची संभावना होत असे. थेंब पडला खरा, पण आतां तो शोधावा कोठें? बिशप फ्लेवियन यांनीं ४४८ सालीं युटिकेसला दोषी ठरविलें. रोमहून पोप संत लिओ यांनीं १३ जून ४४९ या तारखेचें एक दीर्घ पत्र फ्लेवियन यांस लिहिलें. ज्यानें मित्र लाजरसासाठीं अश्रु ढाळले त्यानेंच त्याला कबरेंतून उठविलें. रडणें मनुष्याचें, उठविणें देवाचें, पण रडणारा व उठविणारा एकच, अशा रीतीनें त्यांनीं विषय उलगडला आहे. आमच्या मतें या सबंध वादांत इतकें स्वच्छ लिखाण दुसरें नाहीं. ज्या घरांतून नुकतीच तिरडी उठली आहे त्या घरच्या मनुष्यास याचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. नुसता रडणारा सोबती त्याला पुरत नाहीं, व ज्याला रडणें म्हणजे काय हें ठाऊकच नाहीं अशा देवापुढें त्याचें तोंड उघडत नाहीं.

हें पत्र ऑगस्ट ४४९ मध्यें इफिस येथें भरलेल्या दुसऱ्या सभेंत वाचावयाचें होतें. अध्यक्ष आलेक्झांड्रियाचे डायोस्कोरस. त्यांनीं पत्र वाचूंच दिलें नाहीं. शिपायी व मठवासी आंत घुसले, भ्यालेल्या बिशपांनीं सह्या केल्या, आणि पदच्युत झालेले फ्लेवियन मारहाण सोसून लवकरच मरण पावले. पोपमहाराजांचा वकील हिलारस नांवाचा डीकन होता. त्यानें भर सभेंत एका लॅटिन शब्दानें विरोध नोंदविला व जीव घेऊन पळाला. पुढें ४६१ सालीं तो स्वतः पोप झाला, तेव्हां त्यानें लॅटरनच्या स्नानगृहालगत संत योहानाच्या नांवें एक लहान मंदिर बांधिलें व आपल्या मुक्तिदात्यास म्हणून अर्पण केलें. तो शिलालेख रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंना अद्यापि वाचतां येतो. लिओ यांनीं या सभेला लुटारूंचा अड्डा म्हटलें, आणि तेंच नांव इतिहासांत राहिलें.

४५० सालीं सम्राट घोड्यावरून पडून मेला. त्याची बहीण पुल्केरिया व तिचा पति मार्सियन यांच्या हातीं सत्ता आली, आणि ८ ऑक्टोबर ४५१ रोजीं काल्सिडोन येथें संत युफेमियाच्या मंदिरांत चौथी महासभा सुरू झाली. परंपरेनें बिशपांची संख्या ६३० सांगतात. आधुनिक संशोधक ती बरीच कमी धरतात. लिओ यांचें पत्र वाचलें गेलें व लिओच्या मुखानें पेत्र बोलला असा जयघोष झाला. तथापि नवा सिद्धांत लिहून काढण्यास बिशप नाखूष होते. मसुदा आला त्यांत ख्रिस्त ‘दोन स्वभावांपासून’ आहे असें होतें. रोमच्या वकिलांनीं हें मान्य केलें नाहीं. परत जातों म्हणाले. त्यांना ‘दोन स्वभावांत’ असें हवें होतें. वाचकांस वाटेल, विभक्तीच्या एका प्रत्ययावरून एवढा तंटा कशाला? ग्रीक भाषेंत तर दोहोंत एकाच अक्षराचा फरक. परंतु दूध व साखर यांपासून पेढा होतो तेव्हां पेढ्यांत दूध निराळें राहात नाहीं. ‘पासून’ म्हटल्यानें युटिकेसला पळवाट राहात होती. शेवटीं ‘दोन स्वभावांत’ हेंच ठरलें: मिसळ नाहीं, पालट नाहीं, विभागणी नाहीं, ताटातूट नाहीं, व्यक्ति एक. चारी शब्द नकारार्थी आहेत, हें आम्हांस मोठें शहाणपणाचें वाटतें. देव व मनुष्य एका ठायीं कसे नांदतात हें महासभेनें सांगितलें नाहीं. कोणत्या वाटेनें जाऊं नये, एवढ्या खुणा रोविल्या.

परंतु शांति झाली नाहीं. मिसर, सिरिया व आर्मेनिया येथील पुष्कळांना हा सिरीलचा घात वाटला. आलेक्झांड्रियाचा नवा बिशप प्रोटेरियस याला ४५७ सालीं जमावानें ठार मारिलें. ‘स्वभाव’ याचा अर्थच त्यांच्या लेखीं निराळा होता. दोन स्वभाव म्हणजे त्यांना दोन निरनिराळे ख्रिस्त वाटत. याचें नवल करूं नये. आपल्याच मराठींत अमक्याचा स्वभाव तापट, तमकीचा गोड, असें आपण म्हणतों. तेव्हां धर्मशिक्षणाच्या वर्गांत ख्रिस्ताचे दोन स्वभाव ऐकून एखादा मुलगा बुचकळ्यांत पडला तर तो पाखंडी ठरत नाहीं. इकडे इराणांतील पूर्वेकडील धर्मसभेनें इफिसचा निर्णय स्वीकारला नाहीं. तिला लोक नेस्टोरियन म्हणूं लागले.

येथें ही कथा आपल्या किनाऱ्यास लागते. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाचा व्यापारी लिहितो कीं, कल्लियाना येथें इराणांतून नेमलेला बिशप असे. कित्येक विद्वान हें आपलें कल्याण समजतात, कित्येक नाहीं. ठाण्याविषयीं मात्र अशी शंका नाहीं. १३२१ सालीं तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे बंधु देमेत्रियस हे फ्रान्सिस्कन कोल्लमला निघाले असतां वाऱ्यानें ठाण्यास येऊन लागले. थोड्याच काळानें येथें आलेले ओडोरिक लिहितात कीं, ठाण्यांत नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं, आणि हे पाहुणे त्यांतल्याच एका घरीं उतरले होते. त्या घरच्या नवराबायकोच्या भांडणांत साक्षीसाठीं त्यांना काजीपुढें जावें लागलें. तेथें धर्माची गोष्ट निघाली. ख्रिस्त हा केवळ मनुष्य आहे, देव नव्हे, असें समोरच्यांचें म्हणणें. तो खरा देव व खरा मनुष्य आहे, असें थॉमस यांनीं प्रतिपादन केलें. वाद वाढत गेला व चौघांचेहि प्राण गेले. त्यांचे देह डोमिनिकन फादर जॉर्डेनस यांनीं सोपाऱ्यास नेऊन पुरले. काल्सिडोनचा सिद्धांत आपल्या भूमींत रक्तानें लिहिला गेला तो असा. आणि ज्या यजमानानें त्यांना भाकरी घातली त्याला त्यांच्याच पंथाचे लोक पाखंडी म्हणत असले, तरी ख्रिस्त खरा देव व खरा मनुष्य आहे हें त्यालाहि मान्यच होतें!

मलबारच्या संत थोमाच्या ख्रिस्त्यांचे बिशपहि याच पूर्वेकडील धर्मसभेकडून येत. १५९९ सालीं गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनीं उदयंपेरूर येथें सभा भरविली आणि नेस्टोरियसच्या मताचा संशय येऊन तेथील सुरियानी पोथ्या दुरुस्त करविल्या, कित्येक जाळविल्या. त्या जळालेल्या पोथ्यांबद्दल आम्हांस हळहळ वाटते. १६५३ सालीं मट्टांचेरीस जी शपथ झाली व ते ख्रिस्ती दुभंगले, त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण हा संशय त्यांत नव्हता असें म्हणवत नाहीं.

१९१० सालीं नेस्टोरियसनें हद्दपारींत लिहिलेला एक ग्रंथ सुरियानी भाषांतराच्या रूपानें छापून प्रसिद्ध झाला. त्यांत तो लिओ व फ्लेवियन यांचें मत आपलेंच म्हणून सांगतो. त्यानें तो निर्दोष ठरतो असें नाहीं; परंतु न्यायाधीशानें कागद पुन्हां चाळावे एवढें कारण झालें. पुढें १९७३ सालीं पोप सहावे पॉल व मिसरच्या कॉप्टिक धर्मसभेचे पोप तिसरे शेनूदा यांनीं ख्रिस्ताविषयींच्या एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं रोम येथें पोप दुसरे जॉन पॉल व पूर्वेकडील असिरियन धर्मसभेचे पात्रिआर्क मार दिन्खा यांनींहि तसेंच केलें. त्या कागदांत मरियेच्या नांवाचा उल्लेख मुद्दाम आहे. असिरियन लोक तिला आमच्या देवाची व तारकाची म्हणजे ख्रिस्ताची माता म्हणतात, कॅथोलिक देवमाता म्हणतात व ख्रिस्तमाताहि म्हणतात. हीं सर्व नांवें यथार्थ आहेत असें उभयतांनीं मान्य केलें. इफिसच्या त्या मशालींच्या रात्रीस तेव्हां १५६३ वर्षें झालीं होतीं.