कोल्ड ब्रू कॉफी

कोल्ड ब्रू कॉफी हे भाजून जाडसर दळलेली कॉफी थंड किंवा खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दीर्घकाळ भिजवून आणि नंतर गाळून तयार केले जाणारे पेय आहे. भिजवण्याचा कालावधी सामान्यतः १२ ते २४ तासांचा असतो. या पद्धतीत कोणत्याही टप्प्यावर कॉफीला उष्णता दिली जात नाही. नेहमीच्या कॉफीत जे काम गरम पाणी काही मिनिटांत करते, ते येथे वेळ करतो. मात्र हे काम तंतोतंत सारखे होत नाही. त्यामुळे या पेयाची चव, त्यातील कॅफीनचे प्रमाण आणि साठवणुकीतील धोके गरम कॉफीहून वेगळे असतात.

कोल्ड ब्रू आणि आइस्ड कॉफी ही दोन भिन्न पेये आहेत. आइस्ड कॉफी गरम पाण्याने तयार करून नंतर बर्फाने किंवा थंड दुधाने गार केली जाते. कोल्ड ब्रू मात्र गरम करूनही पिता येते. नावातील 'कोल्ड' हा शब्द पेयाच्या नव्हे, तर निष्कर्षणाच्या तापमानाचा निर्देश करतो.

इतिहास

थंड पाण्याने कॉफीचा अर्क काढण्याची पद्धत जपानमध्ये विशेष विकसित झाली. तेथे ती 'डच कॉफी' या नावानेही ओळखली जाते. इंडोनेशियातील डच वसाहतींशी आलेल्या संपर्कातून हे नाव रूढ झाले, अशी परंपरागत माहिती दिली जाते. क्योतो शहराशी जोडल्या गेलेल्या पद्धतीत काचेच्या उंच उपकरणातून थंड पाणी थेंबाथेंबाने कॉफीच्या थरावर पडते आणि अर्क खालच्या भांड्यात जमा होतो. दक्षिण कोरियातही 'डच कॉफी' हे नाव प्रचलित आहे.

अमेरिकेत १९६४ मध्ये टॉड सिम्प्सन यांनी घरगुती वापरासाठी 'टॉडी' हे उपकरण तयार केले. कॉफी भिजवण्याचे भांडे, त्याच्या तळाशी जाड नमद्याची गाळणी आणि खाली बूच अशी त्याची साधी रचना होती. २०१५ मध्ये स्टारबक्स या कंपनीने अमेरिकेतील आपल्या दुकानांत कोल्ड ब्रू विक्रीस आणली आणि त्यानंतर हे पेय जगभर अधिक परिचित झाले.

निष्कर्षणाचे शास्त्र

कॉफीच्या कणांतील विद्राव्य घटक पाण्यात उतरण्याच्या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. पाणी प्रथम कणांत शिरते, घटक त्यात विरघळतात आणि मग विसरणाने कणाबाहेरच्या पाण्यात येतात. तापमान जितके अधिक, तितकी ही क्रिया जलद होते. थंड पाण्यात ती मंदावते, म्हणून कॉफी काही तास भिजवावी लागते.

थंड पाण्यात कॅफीन उतरत नाही, हा समज चुकीचा आहे. २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम कॅफीन विरघळू शकते. १०० ग्रॅम अरेबिका कॉफीत ते साधारण १.२ ग्रॅम असते. म्हणजे अर्धा लिटर थंड पाणीही ते सर्व सामावून घेण्यास पुरेसे असते. येथे मर्यादा विद्राव्यतेची नसून वेगाची असते.

अमेरिकेतील संशोधक मेगन फुलर आणि निनी राव यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅफीन व क्लोरोजेनिक आम्ल यांचे पाण्यातील प्रमाण सुमारे ४०० मिनिटांनंतर, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास, स्थिर झाल्याचे आढळले. त्यानंतर भिजवण्याचा काळ वाढवल्यास कॅफीन फारसे वाढत नाही. चव मात्र इतर अनेक घटकांवर अवलंबून असते, त्यामुळे प्रत्यक्षात १२ तास किंवा त्याहून अधिक काळ भिजवण्याची प्रथा टिकून आहे.

चव व आम्लता

कोल्ड ब्रूची चव सौम्य, किंचित गोडसर आणि कमी तुरट असल्याचे वर्णन केले जाते. गरम पाण्याने सहज बाहेर पडणारे काही आम्लधर्मी व कडवट घटक थंड पाण्यात कमी प्रमाणात उतरतात. त्याचबरोबर गरम कॉफीच्या वाफेबरोबर दरवळणारी सुगंधी द्रव्येही थंड पेयातून कमी जाणवतात. त्यामुळे काहींना कोल्ड ब्रू गरम कॉफीच्या तुलनेत सपक वाटते.

कोल्ड ब्रू 'आम्लरहित' असते आणि म्हणून पित्ताचा त्रास असणाऱ्यांना ती चालते, असा दावा अनेकदा केला जातो. राव व फुलर यांनी २०१८ मध्ये ब्राझील, इथिओपिया, कोलंबिया, म्यानमार व मेक्सिको येथील कॉफीची तुलना केली. दोन्ही पद्धतींच्या पेयांचा सामू जवळजवळ सारखाच, ४.८५ ते ५.१३ या दरम्यान आढळला. गरम कॉफीतील आम्लांचे एकूण प्रमाण मात्र अधिक होते. म्हणजेच चवीला जाणवणारा सौम्यपणा खरा असला, तरी कोल्ड ब्रू हे आम्लधर्मी पेयच आहे. आम्लपित्ताच्या रुग्णांसाठी ते निर्धोक मानण्यास हा फरक पुरेसा नाही.

घरगुती कृती

साहित्य: कोल्ड ब्रूसाठी भाजलेल्या बियांची शुद्ध कॉफी, पिण्यायोग्य पाणी, झाकणाचे काचेचे किंवा पोलादी भांडे, बारीक गाळणी आणि मलमलचे कापड अथवा कागदी गाळणी एवढे साहित्य पुरते. झटपट कॉफीची भुकटी या कृतीस उपयोगी नाही. ती आधीच काढलेला अर्क वाळवून केलेली असते आणि पाण्यात लगेच विरघळते.

दळ: कॉफी जाड रव्यासारखी किंवा त्याहून थोडी भरड दळावी. घरच्या मिक्सरमध्ये दळताना ते सलग न चालवता थांबून थांबून फिरवावे, म्हणजे पूड फार बारीक होत नाही आणि तापत नाही. फार बारीक पूड गाळणी बुजवते, पेयात गाळ राहतो आणि कडवटपणा वाढतो.

प्रमाण: पाणी मिसळून प्यायचा दाट अर्क हवा असल्यास वजनाने १ भाग कॉफीस ४ ते ५ भाग पाणी घेतात. थेट पिण्याजोगे पेय हवे असल्यास १ भाग कॉफीस साधारण ८ ते १२ भाग पाणी घेतात. कॉफीचा चोथा स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे १०० ग्रॅम कॉफी व ५०० मिलिलिटर पाणी घेतल्यास हाती साधारण ३०० मिलिलिटर अर्क येतो.

कृती: भांडे, झाकण व कापड गरम पाण्याने स्वच्छ धुवावे. पाणी उकळून पूर्ण गार करून घ्यावे. भांड्यात कॉफी घालून वरून पाणी ओतावे आणि सर्व पूड भिजेल अशा बेताने हलक्या हाताने ढवळावे. झाकण लावून भांडे १२ ते १८ तास फ्रिजमध्ये ठेवावे. नंतर मिश्रण आधी गाळणीतून व मग कापडातून गाळावे. चोथा पिळू नये, कारण त्यामुळे बारीक कण अर्कात उतरतात. गाळलेला अर्क स्वच्छ बाटलीत भरून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावा. पिताना त्यात समप्रमाणात किंवा चवीनुसार पाणी अथवा दूध मिसळावे. साखर थंड पेयात सावकाश विरघळते, म्हणून साखरेचा पाक वापरणे सोयीचे ठरते.

पेय पातळ व आंबटसर लागल्यास दळ थोडा बारीक करावा किंवा कालावधी वाढवावा. कडवट व तुरट लागल्यास दळ भरड करावा किंवा कालावधी कमी करावा. एका वेळी यांपैकी एकच गोष्ट बदलल्यास कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे कळते.

कॅफीनचे प्रमाण

चव सौम्य असली तरी दाट अर्कातील कॅफीन कमी नसते. वरील कृतीत १०० ग्रॅम अरेबिका कॉफीतील सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅफीन ५०० मिलिलिटर पाण्यात उतरते असे धरल्यास, दर मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २.४ मिलिग्रॅम कॅफीन येते. ७५ मिलिलिटर अर्कात तेवढेच पाणी मिसळून केलेल्या एका पेल्यात ते १८० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. रोबस्टा जातीत कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असल्याने तिच्या अर्काचा हाच पेला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत, तर गर्भवती स्त्रीने २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेणे चिंतेचे नाही. त्याच प्राधिकरणाने गाळून केलेल्या २०० मिलिलिटर गरम कॉफीत सुमारे ९० मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे. या तुलनेत दाट अर्काचा एक पेला गर्भवती स्त्रीच्या दिवसभराच्या मर्यादेजवळ पोहोचतो. अर्क पाणी न मिसळता पिण्याची चूक म्हणूनच टाळावी. बाटलीवर 'पाणी मिसळून प्यावे' अशी नोंद करून ठेवल्यास घरातील इतरांचीही गल्लत होत नाही.

स्वच्छता व साठवण

कॉफीच्या बिया भाजताना उच्च तापमानामुळे बहुतेक सूक्ष्मजीव नष्ट होतात. मात्र नंतर दळण्याचे यंत्र, पाणी, भांडी व हात यांतून ते पुन्हा शिरू शकतात. गरम कॉफीत उकळते पाणी त्यांपैकी बहुतेकांचा नाश करते. कोल्ड ब्रूमध्ये असा टप्पा नसल्याने सारी भिस्त स्वच्छता व थंडाव्यावर असते.

अनेक पाककृतींत भांडे 'खोलीच्या तापमानास' ठेवण्यास सांगितलेले असते. त्यामागे साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत असते. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात घरातील तापमान यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि अशा उष्णतेत जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. त्यामुळे उष्ण प्रदेशांत कॉफी फ्रिजमध्येच, ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तापमानात भिजवणे इष्ट ठरते.

दुसरा धोका हवाबंद साठवणुकीचा आहे. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेस कारणीभूत ठरणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या आणि ४.६ हून अधिक सामू असलेल्या अन्नात वाढू शकतो. कोल्ड ब्रूचा सामू सामान्यतः या मर्यादेच्या वर असतो. याच कारणास्तव २०१७ मध्ये अमेरिकेतील एका उत्पादकाने नायट्रोजनयुक्त कोल्ड ब्रूचे डबे खबरदारीचा उपाय म्हणून बाजारातून परत मागवले होते. या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि त्याच्या विषामुळे पेयाचा वास किंवा चव बदलेलच असे नाही. म्हणून घरी केलेली कोल्ड ब्रू हवाबंद करून फ्रिजबाहेर साठवू नये.

दाट अर्क फ्रिजमध्ये ठेवून साधारण आठवड्याच्या आत, तर पाणी मिसळलेले पेय दोन-तीन दिवसांत संपवण्याची प्रथा आहे. दूध मिसळलेले पेय त्याच दिवशी प्यावे. बुरशी, फेस किंवा आंबूस वास आढळल्यास पेय टाकून द्यावे.

इतर प्रकार

ठिबक पद्धतीत बर्फाचे किंवा थंड पाण्याचे थेंब कॉफीच्या थरावर काही तास सोडले जातात. 'नायट्रो' प्रकारात तयार कोल्ड ब्रूमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू मिसळतात. हा वायू पाण्यात अल्प प्रमाणात विरघळत असल्याने त्याचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि पेयाला साईसारखा मऊपणा व वर फेसाचा थर येतो.

भारतातील संदर्भ

भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत पिकते आणि त्यात कर्नाटकाचा वाटा सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफीची लागवड होते. दाट अर्क करून ठेवणे आणि आयत्या वेळी त्यात दूध मिसळणे ही कल्पना भारतीयांना नवीन नाही. दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीतील 'डिकॉक्शन' हा असाच अर्क असतो, मात्र तो गरम पाण्याने काढला जातो.

भारतीय बाजारात मिळणाऱ्या अनेक कॉफी पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असावे, असा नियम आहे. चिकोरीत कॅफीन नसते, पण ती पाण्यात सहज उतरून पेयाला गडद रंग व दाटपणा देते. त्यामुळे अशा मिश्रणापासून केलेल्या कोल्ड ब्रूचा रंग पाहून तिच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय फिल्टरसाठीची पूड बारीक दळलेली असल्याने पेयात गाळ राहतो. म्हणून कोल्ड ब्रूसाठी अख्ख्या बिया आणून घरी दळणे किंवा विक्रेत्याकडून भरड दळून घेणे सोयीचे ठरते.